सील सरळ बसलं होतं

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी बाई, वय अडुसष्ट पूर्ण, धंदा मोटार दुरुस्ती, लग्न केलेले नाही, मूलबाळ नाही, आज माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी परवाच तपासून तसे लिहून दिले असून तो दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला पन्नासपासून उलटे आकडे म्हणायला लावले, ते मी म्हटले, आणि निघताना त्यांच्या गाडीच्या सायलेन्सरला भोक पडले आहे हेही सांगितले. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून नादी लावलेले नाही. जिवावरचा आजार नाही. गुडघे तेवढे कुरकुरतात. आता लिहायला बसले त्याचे कारण एवढेच की गेल्या वर्षी डोक्यावरचे एक मोठे ओझे उतरले, आणि ओझे उतरले की माणसाला आवराआवर सुचते.

वकीलसाहेब कच्चा मसुदा वाचून म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहितात. का द्यायचं, ते लिहीत नाहीत."

मी म्हटले, "का ते लिहिलं नाही तर काय दिलं तेही कोणाला कळायचं नाही."

त्यांनी चष्मा पुसला आणि हरकत मागे घेतली. कायद्याला जे शब्द लागतात ते त्यांनी जागोजागी घालून दिले आहेत. बाकीचे माझे.

कलम एक. आधीचे मृत्युपत्र.

बारा वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझी सगळी मिळकत गावातल्या तंत्रशाळेला दिली होती आणि एक वाक्य मुद्दाम घातले होते: "माझ्या धाकट्या भावास यातील काहीही मिळू नये, कारण त्याच्या निष्काळजीपणामुळे एका निरपराध बाईस कायमचे अपंगत्व आले." ते वाक्य खोटे आहे. लिहिले तेव्हा मला ते खरे वाटत होते, पण त्याने ते खरे होत नाही. ते मृत्युपत्र मी या लेखाने पूर्णपणे रद्द करते. तंत्रशाळेच्या मुख्याध्यापकांना समक्ष भेटून तसे सांगितले. आपल्याला काही मिळणार होते हेच त्यांना ठाऊक नव्हते, त्यामुळे वाईट कोणालाच वाटले नाही.

कलम दोन. वर्कशॉप.

वर्कशॉप म्हणजे रस्त्याला लागून असलेली पत्र्याची लांब शेड. आत तीन गाड्या राहतील एवढी जागा, मधोमध खाली उतरून काम करायचा खड्डा, आणि भिंतीवर एक फळी, जिच्यावर प्रत्येक पान्याच्या जागी त्याचा आकार खडूने काढलेला आहे. वडिलांनी ती उभी केली आणि जाताना आम्हा दोघा भावंडांना निम्मी-निम्मी दिली. भावाची निम्मी बारा वर्षांपूर्वी माझ्या नावावर आली. ती कशी आली ते सांगणे भाग आहे.

आमच्याकडे एक नर्सबाई गाडी आणायच्या. घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा बांधणे हे त्यांचे काम. त्यांची लांब पाठीची जुनी मोटार मागून रडायला लागली होती. मागच्या दोन चाकांच्या मधोमध गाडीखाली जो लोखंडी गोळा दिसतो त्यात डिफरन्शियल असते. इंजिनाची ताकद तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते आणि वळणावर एक चाक जास्त, दुसरे कमी फिरते. ते सगळे दाते दाट ऑईलमध्ये बुडालेले असतात. नर्सबाईंच्या गाडीतले दाते झिजले होते, म्हणून आम्ही दुसरे डिफरन्शियल बसवायचे ठरवले.

बसवले भावाने. या कामात त्याच्या हाताला तोड नव्हती. डिफरन्शियल जागेवर चढवणे ताकदीचे काम आहे, कोणीही करेल. ऑईल बाहेर येऊ न देणे हे खरे काम. दोन्ही चाकांकडे एकेक आणि पुढे इंजिनाच्या दांड्याकडे एक अशी तीन रबरी सील असतात. भाऊ सीलच्या ओठाला आधी ऑईल लावायचा, वर लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी हलके हलके ठोकायचा, आणि बसले की डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायचा. मी त्याला चिडवायची, "पोथीवरून बोट फिरवल्यासारखा काय फिरवतोस." माझा वाटा शेवटी. काम झाले की त्या गोळ्याला आणि त्याच्या दोन्ही नळ्यांना काळा चकचकीत रंग मारायचा ही माझी हौस. गिऱ्हाइकाला आतले काम दिसत नाही, रंग दिसतो, असे माझे मत होते. तो रंग मी दोन हात मारला.

तिसऱ्या दिवशी फिरवून आणल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, उजव्या चाकाच्या आतून थेंब आलाय."

"सील तिरकं बसलं असेल."

"नाही. मी बघितलंय बोट फिरवून."

"मग थेंब काय आभाळातून पडला?"

त्याने पुन्हा जॅक लावला. चाक काढले, नवे सील बसवले. दुसऱ्या दिवशी गाडी जागच्या जागी कोरडी ठणठणीत होती. तरी तो म्हणाला, "अजून दोन दिवस राहू दे. लांबवर पळवून बघू. उभ्या गाडीतून काय गळणार आहे." नर्सबाईंचा दिवसातून दोनदा निरोप येत होता, त्यांचे रोगी खोळंबले होते. हे खरेच होते. मी भावाला विचारले नाही. किल्ली माझ्या हाताने त्यांना दिली.

नवव्या दिवशी उतारावरच्या वळणावर नर्सबाईंनी ब्रेक दाबला. उजव्या मागच्या चाकाच्या ड्रममध्ये ऑईल उतरले होते, ब्रेकचे लायनर त्यात भिजले होते. एक चाक धरले, दुसरे धरले नाही. गाडी आडवी होऊन दगडी भिंतीवर गेली. त्यांचे मांडीचे हाड मोडले, तीन शस्त्रक्रिया झाल्या, आणि तो पाय दोन बोटे आखूड राहिला. घरोघर जाण्याचे त्यांचे काम त्या दिवशी संपले.

गाडी आमच्याच शेडमध्ये ओढून आणली. विम्याचा तपासनीस आला. चाक उघडल्यावर ऑईलचा ओघळ सगळ्यांनी पाहिला. त्याने विचारले, "सील कोणी बसवलं?"

मी म्हटले, "भावाने."

तो शब्द किती पटकन तोंडातून गेला ते मला अजून आठवते. भाऊ शेजारी चाकाचे नट हातात घेऊन उभा होता. तो एवढेच म्हणाला, "दोनदा बघितलं होतं मी." तपासनिसाने ते लिहून घेतले नाही.

त्याच संध्याकाळी मी भावाला सांगितले की तुझ्या हातावर आता माझा भरवसा नाही, आणि एक कागद पुढे सरकवला. त्याने निम्म्या वर्कशॉपवर सही करून दिली. मी काही देऊ केले नाही, त्याने काही मागितले नाही. भुसा आणि साबण लावून हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले आणि गेला. पुढे तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात लागला. आई गेली तेव्हा आम्ही चार दिवस एका घरात होतो आणि भावजयीच्या तोंडून बोलत होतो. "तुझ्या नवऱ्याला विचार, कपाटाची किल्ली कुठंय." तो समोरच उभा असायचा.

आता व्यवस्था. भावाची निम्मी बाजू मी मेल्यावर परत करण्यात काही अर्थ नव्हता, म्हणून ती गेल्या महिन्यातच रीतसर त्याच्या नावावर झाली आहे. ती भेट नाही. ज्याची होती त्याची त्याला दिली. माझी निम्मी बाजू, जमीन, खड्डा, यंत्रे व विजेच्या जोडणीसह, माझ्या पश्चात माझ्या धाकट्या भावास मिळावी. त्यावर इतर कोणाचाही हक्क वा हितसंबंध राहणार नाही.

कलम तीन. शेडमागचा जुना एक्सल.

नर्सबाईंची मोटार भंगारात गेली तेव्हा मागचा एक्सल, म्हणजे दोन चाकांमधली ती लोखंडी नळी, मी डिफरन्शियलच्या गोळ्यासकट ठेवून घेतला. का, ते तेव्हा मला सांगता आले नसते. तो शेडच्या मागे पत्र्याखाली पडून होता आणि मी तिकडे फिरकत नव्हते.

गेल्या वर्षी बेकरीवाल्याच्या गाडीला मी असेच डिफरन्शियल बसवले. एकटीने. दोन दिवसांत तो परत आला, म्हणाला, "मिस्त्रीबाई, माझ्या दारात डाग पडायला लागलेत." मी उजवे सील बदलले. आठवड्याने पुन्हा आला. दोन्ही बाजूंची बदलली, पुढचेही बदलले, झाकणाचे पॅकिंग नवे घातले. पुन्हा आला. या खेपेला, तिरके बसवलेस, असे म्हणायला शेडमध्ये कोणी नव्हते. सगळी सील माझ्याच हातची होती.

मग मी भावाची जुनी युक्ती केली. सगळा भाग रॉकेलने धुतला, पुसून कोरडा केला आणि वर तोंडाला लावायची पावडर भुरभुरली. गाडी हमरस्त्यावर चाळीस मिनिटे पळवून आणली आणि लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढवून खाली गेले. पावडर डावीकडे भिजली होती, उजवीकडे भिजली होती, पुढेही भिजली होती. मी खाली पडल्या पडल्या विचार केला की तीन नवी सील एकाच दिवशी मरत नाहीत. ऑईल बघावे म्हणून भरायच्या भोकाचा बोल्ट सैल केला, तर फुस्स करून हवा बाहेर आली आणि माझी बाही ऑईलने भरली. आत हवा कोंडली होती.

कोंडू नये म्हणून तिला वाट ठेवलेली असते. गाडी पळाली की ऑईल तापते, आतली हवा फुगते. ती बाहेर जावी म्हणून एक्सलच्या नळीवर बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते. तिला ब्रीदर म्हणतात. ती बोटाने फिरली पाहिजे. ती बंद झाली तर हवा ऑईलला ढकलते आणि ऑईल सीलमधून वाट काढते, मग सील सोन्याचे असो. बेकरीवाल्याच्या गाडीची टोपी काळ्या चकचकीत रंगाने गच्च झाली होती. रंग माझा. दोन हात.

मी चाकूने रंग खरवडला, टोपी फिरायला लागली. सील बदललीच नाहीत, तीच ठेवली. पुन्हा पावडर मारून चाळीस मिनिटे पळवली. परत येऊन बघते तर पावडर पांढरीशुभ्र.

त्यानंतर मी शेडमागे गेले. पत्रा उचलला. नर्सबाईंच्या एक्सलवरची टोपी बोटाने फिरवून पाहिली. ती फिरली नाही. तिच्यावर दुधावर साय धरावी तसा रंग धरला होता आणि त्यात माझ्या ब्रशचा एक केस चिकटला होता. उपडी बादली ओढून मी तिथेच बसले. बेकरीवाला गाडी न्यायला आला तो शोधत मागे आला. "बाई, बरं वाटत नाही का?" मी म्हटले, "नाही, बरंच वाटतंय." ते खोटे नव्हते. लाज तर इतकी वाटत होती की कान तापले होते. पण अकरा वर्षे आत काहीतरी कोंडून राहिले होते, आणि ते कुठून जायचे ती वाट मला दिसली होती.

हा एक्सल तंत्रशाळेला द्यावा. टोपीवरचा रंग कोणी खरवडू नये. मुलांना आधी सीलकडे बघू द्यावे, मग मास्तरांनी टोपी दाखवावी.

कलम चार. हत्यारे, आणि वर्कशॉपबरोबर जाणाऱ्या सूचना.

वडिलांचा काटेघड्याळासारखा मापक, बेअरिंग ओढायची तिपायी, आणि लाकडी ठोकळे, विशेषतः सील बसवायचे तीन, हे सर्व भावाचे. त्यातला मधला ठोकळा त्याने स्वतः तासलेला आहे. मी तो अकरा वर्षे वापरला आणि कोणी विचारले तर वडिलांचा म्हणून सांगितले.

एक्सल पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी ती टोपी काढून रुमालात बांधली आणि पंपघरात गेले. (नंतर ती जागच्या जागी बसवली आहे.) सकाळची वेळ होती, चारही पंप चालू होते, शेजारच्या माणसाचे ऐकू येत नव्हते. भाऊ एका पंपाखाली ठिबकणारा थेंब डब्यात धरत होता. मी काय बोलायचे ते वाटेत तीनदा ठरवले होते, ते सगळे त्या आवाजात वाया गेले. शेवटी मी त्याच्या कानाशी ओरडले, "चूक माझी होती."

"काय?"

"चूक माझी होती."

"ऐकू येत नाहीये, ताई. बाहेर चल."

बाहेर पायरीवर मी रुमाल सोडून टोपी त्याच्या हातावर ठेवली. त्याला काही सांगावे लागले नाही. त्याने ती अंगठ्याच्या नखाने फिरवून पाहिली, उजेडात धरली, केसावरून बोट फिरवले. पंपघरातून कोणीतरी त्याला हाक मारली, त्याने ओ दिली नाही.

मग म्हणाला, "म्हणजे सील सरळ बसलं होतं."

"हो."

"दोन्ही वेळा."

"दोन्ही वेळा."

तो पायरीवर बसला. मला वाटले रडेल, नाहीतर शिव्या तरी देईल. तो नुसता स्वतःच्या हातांकडे बघत होता, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघावे तसा. नंतर म्हणाला, "आता तू जा, ताई."

सोळा दिवस त्याचा पत्ता नव्हता. सतराव्या दिवशी भावजय आली. शेडच्या दारात उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, हे आता नीट जेवतात. माझी बशी हातातून पडली तरी दचकत नाहीत. पण तुमच्यावर भयंकर चिडलेत."

मी म्हटले, "चिडू दे. हक्काचं आहे."

"मीही चिडलेय."

"तुझा हक्क जास्त."

ती आत येऊन स्टुलावर बसली आणि त्या दिवशी तिने मला अकरा वर्षांचे सगळे ऐकवले. तो मुलीला सायकलवर मागे बसवायचा नाही, कारण आपण घट्ट केलेल्या नटावर त्याचा विश्वास उरला नव्हता. घरातला नळ गळाला तरी दुसऱ्याला बोलवायचा. मी हातातला पाना खाली ठेवून ऐकले.

पुढच्या रविवारी भाऊ आला. जुना डगला पोटावर बसत नव्हता. घोड्यांवर एक गाडी होती, तिच्याखाली गेला आणि सगळ्यात आधी टोपीला हात लावला. "तू बघितलीस?"

"बघितली."

"मी पण बघतो."

तेव्हापासून तो ड्यूटी संपवून रोज यायचा, आणि यंदा पंपघरातून निवृत्त झाल्यापासून सकाळीच येतो. अजून कधीकधी एखाद्या शब्दावरून अडतो, दिवसभर बोलत नाही. मी वाट बघते.

त्याने आणि मी मिळून ठरवलेल्या पुढील गोष्टी वर्कशॉप ज्याच्याकडे जाईल त्याला बंधनकारक आहेत. डिफरन्शियल बसवण्याआधी ब्रीदर हाताने फिरवून पाहावा. दांड्याला सीलच्या जागी खाच पडली असेल तर नवे सील घालून स्वतःची फसवणूक करू नये, आधी खाचेचा बंदोबस्त करावा. झाकणाला पॅकिंगची पेस्ट लावली की ती धरेपर्यंत ऑईल ओतू नये, गिऱ्हाईक दारात उभे असले तरी. झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे आवळावेत. ऑईल गाडी सपाटीवर ठेवून भरावे आणि भोकाच्या कडेला आले की थांबावे, जास्त घातलेले ऑईलही गळतेच. थेंब दिसला तर धुवावे, पावडर मारावी, लांब पळवावी आणि मगच बोलावे. ज्याने काम केले तो म्हणाला की अजून दोन दिवस हवेत, तर दोन दिवस द्यावेत.

शेवटचे वाक्य माझे आहे. भाऊ म्हणाला, ते नको लिहूस. मी लिहिले.

कलम पाच. मागच्या दोन खोल्या.

शेडमागच्या या खोल्या, जिथे मी राहते, त्यातील पलंग, कपाट, शिवणयंत्र व भांडी यांसह, माझ्या भाचीस, म्हणजे भावाच्या मुलीस मिळाव्यात. अबोला सुरू झाला तेव्हा ती बारा वर्षांची होती. शाळेत जाताना सायकलवरून शेडसमोरून जायची, थांबायची नाही, पण तीनदा घंटी वाजवायची. घरी कोणाला ठाऊक नव्हते. मी हातातले काम सोडून दारात येईपर्यंत ती वळणावर गेलेली असायची. आता ती त्याच शाळेत भूगोल शिकवते आणि मला आत्या म्हणून हाक मारते, तेव्हा मला अजून मागे वळून बघावेसे वाटते की कोणाला मारली. खोल्यांना तिने तिच्या आवडीचा रंग द्यावा. मी देऊ का विचारले तर म्हणाली, "आत्या, ब्रश तेवढा तू हातात घेऊ नकोस."

कलम सहा. बँकेतली रक्कम.

जी काही असेल त्यातून माझे शेवटचे कार्य साधेपणाने उरकावे. उरलेली सर्व भावजयीस मिळावी, आणि ती तिने फक्त स्वतःसाठी वापरावी. नवऱ्याच्या किंवा मुलीच्या गरजेचे कारण सांगून ती घरात जिरवली तर ते माझ्या इच्छेविरुद्ध समजावे. वकीलसाहेब म्हणाले की ही अट कोर्टात टिकणार नाही. भावजयीसमोर टिकेल.

कलम सात. जुने हिशेब.

सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराबद्दल मी अकरा वर्षे सांगत आले की त्याच्याकडची सील बनावट असतात. हे मी मागे घेते आणि त्याची माफी मागते. त्याच्या बेअरिंगबद्दल जे बोलले ते कायम आहे.

शेजारच्या शिंप्याने माझ्या ठोकाठोकीची नगरपालिकेत चार वेळा तक्रार केली. त्याचे बरोबर होते. मी दुपारी मुद्दाम ठोकत असे. माझा मोठा टेबलपंखा त्याला द्यावा, तो चालू असला की बाहेरचे काही ऐकू येत नाही.

विम्याच्या तपासनिसाबद्दल माझ्या मनात काही नाही. त्याने विचारले, मी सांगितले.

कलम आठ. नर्सबाई.

भावाला सांगितल्यावर मी त्यांच्याकडे गेले. त्या आता दवाखान्यात बसून इंजेक्शने देतात. त्यांच्या टेबलाशेजारी काठी टेकवलेली असते. मी सगळे सांगितले. त्या ऐकताना हातातली पट्टी गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळपासूनच ब्रेक एका बाजूला ओढत होता. मला कळत होतं. तुमच्याकडे यायला हवं होतं. पण एक म्हातारे वाट बघत होते, म्हटलं दुपारी जाऊ. इतकी वर्षं मला वाटायचं, मीच."

मी म्हटले, "तुमचा काही दोष नाही. ब्रेक ओढत होता तो माझ्या रंगामुळे."

"ते आत्ता कळलं ना," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मला हसू आले नाही, पण श्वास मोकळा झाला. आखूड झालेला पाय माझ्या बोलण्याने लांब होणार नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होते. तरी त्यांनी मला बसवून घेतले आणि पुढचा रोगी दोन मिनिटे थांबवला.

माझी स्वतःची मोटार, जिचा ब्रेक आणि क्लच मी हाताने चालवता येईल असा करून घेतला आहे, ती त्यांना मिळावी असे या कलमात मी लिहिले होते. ते आज सकाळी खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. त्या इथे आल्या, वकीलसाहेबांनी त्यांना कलम वाचून दाखवले आणि नियमही सांगितला की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करायची नसते.

नर्सबाई म्हणाल्या, "मग मला गाडी नको. मला सही करायची आहे."

मी म्हटले, "सही कोणीही करेल हो. गाडी घ्या."

"तेव्हा दवाखान्यात माझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती," त्या म्हणाल्या. "चूक तुमच्या भावाची, असं त्यात होतं. पायाला वजन लावून पडले होते, वाचलंसुद्धा नाही. आज वाचून करते."

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकीलसाहेबांनी सांगून पाहिले. त्या खुर्ची खिडकीजवळ ओढून बसल्या आणि पहिल्या कलमापासून वाचायला लागल्या. मी हे लिहीत असताना त्या वाचतच आहेत. झालेली पाने मी त्यांच्याकडे सरकवते आहे. डॉक्टर घड्याळ बघत आहेत. भावाला त्याच्या नावे मिळकत असल्याने खोलीबाहेर बसवले आहे. तो बाहेर बसलेला नाही, शेडमध्ये कोणाची तरी गाडी उचलतो आहे, जॅकचा आवाज येतो आहे.

मोटार मग भाचीस मिळावी, आणि दर गुरुवारी नर्सबाईंना ज्या रोग्याकडे जायचे असेल तिकडे तिने त्यांना न्यावे. भाचीने हो म्हटले आहे. पहिला गुरुवार हाच.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. यात लिहिलेले सर्व मी स्वतः वाचले असून ते माझ्या मनासारखे आणि खरे आहे. पुढे बदल करायचा झाला तर करीन, पण आज तरी करावासा वाटत नाही.

सही: जशी बँकेत आहे तशी.

साक्षीदार पहिल्या: दवाखान्यातील नर्स. सर्व पाने वाचून, सर्वांसमक्ष सही केली.

साक्षीदार दुसरे: तपासणी करणारे डॉक्टर. माझ्यासमक्ष सही झाली.

ठिकाण: वर्कशॉपमागची पहिली खोली.

दिनांक: मार्च महिन्याची अकरा, मंगळवार, सकाळी सव्वाअकरा.